पॉवर स्टेशनला जादा बॅटरी जोडताना: हौदाआधी तोटी बघा

पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी, इन्व्हर्टर आणि सॉकेट एकाच डब्यात असलेलं उचलता येणारं मशीन, घेतल्यावर दोन-तीन महिन्यांत प्रत्येकाच्या मनात एकच विचार येतो: हे अजून थोडं चाललं असतं तर! वीज जाते, पंखा, राउटर, दिवे त्यावर टाकले जातात आणि वीज परत यायच्या नेमकं अर्धा तास आधी डिस्प्लेवर शून्य दिसतं. मग कुठेतरी वाचलेलं आठवतं, की बाहेरून एक बॅटरी जोडता येते.

येते जोडता. मीही जोडली आहे, आणि ती जोडताना दोन-तीन मूर्खपणेही करून झाले आहेत. त्यातला मोठा मूर्खपणा हिशेबाचा होता. बॅटरी किती मोठी घ्यायची यावर मी आठवडाभर डोकं चालवलं. ती वीज मशीनच्या आत कुठल्या वाटेने आणि किती वेगाने जाणार, यावर पाच मिनिटंही घालवली नाहीत. हौद कितीही मोठा बांधला तरी पाणी तोटी देईल तेवढंच येतं. म्हणून या लेखात बॅटरीपेक्षा तोटीबद्दलच जास्त बोलणार आहे.

खरेदीच्या आधी गळती मोजा

पॉवर स्टेशनचं एसी आउटपुट नुसतं चालू ठेवलं, काहीही जोडलं नाही, तरी आतला इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या डीसी विजेची घरच्यासारखी एसी करणारा भाग, स्वतःपुरती वीज खात राहतो. मध्यम आकाराच्या मशीनमध्ये हा खप साधारण १० ते २० वॅट असतो. १५ वॅट धरले तर २४ तासांत ३६० वॅट-अवर झाले. मशीन १००० वॅट-अवरचं असेल तर एक तृतीयांशाहून जास्त क्षमता अशीच, कुणाच्याही उपयोगी न पडता गेली. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा हा प्रकार आहे.

मोजायला सोपं आहे. रात्री मशीन पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, एसी चालू ठेवा, काहीही जोडू नका. सकाळी किती टक्के उतरले ते बघा. १००० वॅट-अवरचं मशीन आठ तासांत १२ टक्के उतरलं, तर १२० वॅट-अवर भागिले ८ म्हणजे तुमचा इन्व्हर्टर १५ वॅट खातो.

राउटर, एलईडी पट्ट्या, १२ व्होल्टचा पंखा, मोबाइल, यूएसबी-सीवर चालणारा लॅपटॉप, यांतलं काहीही एसीवर चालवायची गरज नाही. राउटरच्या अॅडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलं असेल, तर योग्य पिनची वायर घेऊन तो थेट मशीनच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर लावा आणि एसीचं बटण बंद करून टाका. मात्र सॉकेटचं आउटपुट स्थिर १२ व्होल्टच्या आसपास आहे ना, हे आधी माहितीपत्रकात बघा. एवढ्यानेच भागलं, तर पुढचा लेख वाचायची गरज नाही.

तीन वाटा आणि एक आडवाट

पहिली वाट कंपनीची. तुमच्या मशीनला विस्तार पोर्ट असेल आणि त्याच कंपनीची त्याच मॉडेलसाठी बनवलेली जादा बॅटरी मिळत असेल, तर तीच घ्या. इकोफ्लोच्या डेल्टा २ ची मूळ क्षमता १०२४ वॅट-अवर आहे, तिला तेवढीच जादा बॅटरी जोडली की २०४८ होते. ब्लूएटीच्या एसी२००मॅक्सला दोन बी३०० लावले की २०४८ वरून ८१९२ वॅट-अवर होतात. या जाड केबलमध्ये नुसत्या वीज वाहणाऱ्या तारा नसतात, संवादाच्या बारीक ताराही असतात. दोन्हीकडचे बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवून तिला सांभाळणारं सर्किट) एकमेकांना व्होल्टेज, तापमान, चार्ज किती हे सांगत राहतात आणि मगच आतला रिले (विजेवर चालणारा स्विच) बसतो. म्हणूनच एका कंपनीचा पॅक दुसरीच्या मशीनला चालत नाही, आणि कित्येकदा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेललाही चालत नाही. या वाटेत तोटीचा प्रश्नच येत नाही. बॅटरी थेट आतल्या बॅटरीच्या शेजारी जाऊन बसते, इन्व्हर्टर दोन्हींतून ओढतो. जोडताना दोन्ही बंद ठेवा, केबल खटका बसेपर्यंत दाबा, मग चालू करा. झालं.

दुसरी वाट सोलर किंवा डीसी इनपुटची. ज्यांच्या मशीनला विस्तार पोर्ट नाही त्यांच्यासाठी ही खरी वाट, आणि लेखाचा मोठा भाग हिच्यावरच आहे. सोलर पॅनेलऐवजी बाहेरची बॅटरी लावायची आणि मशीनला सांगायचं, हा घे तुझा सूर्य.

तिसरी वाट म्हणजे बाहेरच्या बॅटरीला वेगळा इन्व्हर्टर लावून त्यावर पॉवर स्टेशनचा एसी चार्जर चालवणं. चालतं, वेगाने चार्ज होतं, पण डीसीचं एसी, एसीचं पुन्हा डीसी, आणि वापरताना पुन्हा एसी. प्रत्येक वळणावर दहाएक टक्के सांडतात. शिवाय बाहेरचा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) लागतो आणि मशीनचा चार्जिंगचा वेग अॅपमधून कमी करता यावा लागतो. नाहीतर ३०० वॅटच्या इन्व्हर्टरवर १००० वॅटचा चार्जर बसायचा. बाहेरचा इन्व्हर्टर तुमच्याकडे आधीपासूनच असेल, तर पंखा त्याच्यावरच लावा ना! मधे पॉवर स्टेशन कशाला?

आडवाट म्हणजे मशीन उघडून आतल्या सेलना समांतर नवे सेल जोडणं. हे करू नका. वॉरंटी जाते ही त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट. २३० व्होल्टच्या इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरवर मशीन बंद केल्यानंतरही काही काळ ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेली असू शकते. आतला बीएमएस मूळ क्षमतेचा हिशेब धरून बसलेला असतो, त्यामुळे टक्केवारी खोटी दाखवायला लागतो. आणि जुन्या-नव्या सेलची जोडी जमली नाही तर त्याचा परिणाम बंद डब्यात, तुमच्या नजरेआड होतो.

मशीनच्या पाठीवरची एक ओळ

आता दुसरी वाट. मशीनच्या मागे किंवा पुस्तिकेत डीसी इनपुटपुढे एक ओळ असते: व्होल्टेजची मर्यादा, अँपिअर आणि वॅट. उदाहरणार्थ १२ ते २८ व्होल्ट, ८.५ अँपिअर, २०० वॅट. किंवा ११ ते ६० व्होल्ट, १५ अँपिअर, ५०० वॅट. ही ओळ कागदावर लिहून समोर चिकटवा.

यातलं व्होल्टेज ही लक्ष्मणरेषा. वरची मर्यादा ओलांडली की आतले भाग जळू शकतात, आणि काही मशीन चूक दाखवून थांबतात, पण त्या भरवशावर राहू नये. अँपिअर आणि वॅटची गोष्ट वेगळी आहे. "माझी बॅटरी १०० अँपिअर देऊ शकते, ८ अँपिअरच्या इनपुटला लावली तर जळेल का?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. नाही जळणार. व्होल्टेज ढकललं जातं, करंट ओढला जातो. मशीन स्वतःला हवे तेवढेच अँपिअर ओढतं. १०० अँपिअरची भीती वायरला आहे, मशीनला नाही. वायरचं पुढे बघू.

म्हणजे तोटीचा आकार ठरतो तो अँपिअरवरून, आणि अँपिअर बांधलेले असल्यामुळे जास्त वॅट हवे असतील तर व्होल्टेज वाढवणं हाच मार्ग उरतो. ८ अँपिअर ओढणाऱ्या मशीनला १२.८ व्होल्टची बॅटरी लावली तर साधारण १०० वॅट आत जातात. १० अँपिअर ओढणाऱ्याला २५.६ व्होल्टची लावली तर २५०. ५१.२ व्होल्टची लावली तर ५००.

एक मेख इथे आहे. १२ व्होल्टच्या आसपासचं व्होल्टेज दिसलं की बरीच मशीन गाडीचा सॉकेट समजून स्वतःहून ८ अँपिअरवर थांबतात, पाठीवर १५ लिहिलं असलं तरी. काही अॅपमध्ये इनपुटचा प्रकार किंवा कार चार्जिंगचा करंट निवडता येतो. तो पर्याय आधी शोधा.

बॅटरी कुठली

एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. घरात ठेवायच्या जादा बॅटरीसाठी मी दुसरा पर्याय सुचवत नाही. एनएमसी (लिथियमचाच दुसरा प्रकार) सेलपेक्षा ती तापमानाला जास्त टिकते आणि आयुष्यही जास्त. लेड-ॲसिड पडून असेल तर वापरा, पण तिची निम्मीच क्षमता तुमची समजा, कारण निम्म्याखाली रोज उतरवली की ती लवकर बसते. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघू शकतो, तेव्हा खोली हवेशीर हवी.

एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा. पूर्ण चार्ज करताना ३.६५ पर्यंत जातो, रिकामा होताना २.५ पर्यंत उतरू शकतो. चार सेलची बॅटरी १२.८ व्होल्टची, चार्जिंगला १४.६. आठ सेलची २५.६, चार्जिंगला २९.२. सोळा सेलची ५१.२, चार्जिंगला ५८.४. इथे पाठीवरची ओळ पुन्हा बघा. २८ व्होल्टची मर्यादा असलेल्या मशीनला आठ सेलची बॅटरी चार्जरवरून काढल्या-काढल्या लावली तर ती २८ च्या वर असू शकते. चार्जर काढून तासभर विसावली की साधारण २७ च्या आसपास येते. तरीही दर वेळी मल्टिमीटर लावून बघावं लागणार असेल, तर मी म्हणेन की ही जोडी जमत नाही. एखाद्या दिवशी घाई असणार, आणि त्याच दिवशी बघायचं राहणार.

१२.८ व्होल्ट, १०० एएचच्या (अँपिअर-अवरच्या) बॅटरीत १२८० वॅट-अवर असतात. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून २५.६ करायच्या असतील तर दोन्ही एकाच मॉडेलच्या, एकाच वयाच्या हव्यात. दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करून, एक दिवस समांतर जोडून ठेवून मगच सिरीजमध्ये घ्या. आणि त्या बॅटरीचा बीएमएस सिरीजला परवानगी देतो का हे पुस्तिकेत बघा. सगळे देत नाहीत.

तोटीचा हिशेब, आकड्यांत

समजा मशीन १००० वॅट-अवरचं आहे, बाहेरची बॅटरी १२८० ची आणि तुम्ही ४०० वॅटचं काहीतरी एसीवर चालवताय. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८७ टक्के धरली, तर आतल्या बॅटरीतून प्रत्यक्षात ४६० वॅट निघतात. बाहेरची बॅटरी नसताना मशीन दोन तास दहा मिनिटं चालेल.

आता बाहेरून २५० वॅट आत घेतोय असं धरा. मशीनच्या आतला तोटा वजा जाता २३७ पोचतात. आतली बॅटरी ४६० ऐवजी २२३ वॅटने उतरते आणि साडेचार तास पुरते. तेवढ्या वेळात बाहेरची बॅटरीही जवळपास रिकामी होते. दोन्ही हौद एकदमच तळाला लागले, म्हणजे जोडी जमली.

पण बहुतेक लोक काय करतात? आतली बॅटरी २० टक्क्यांवर आली की मग धावत जाऊन बाहेरची लावतात. तोवर पावणेदोन तास गेलेले. उरलेले २०० वॅट-अवर २२३ वॅटने उतरतात, म्हणजे पाऊण-एक तासात संपतात. एकूण दोन तास अडतीस मिनिटं, आणि मशीन बंद पडतं तेव्हा बाहेरच्या बॅटरीत हजारावर वॅट-अवर तसेच पडून. त्याच दोन बॅटऱ्या, तीच वायर, फक्त जोडायची वेळ चुकली.

म्हणून वापर तोटीपेक्षा मोठा असेल, तर बाहेरची बॅटरी पहिल्या मिनिटापासून लावा. आणि तुमचा सरासरी वापर १०० वॅटच्या आत असेल, म्हणजे पंखा, राउटर आणि चार दिवे, तर साधी १२.८ व्होल्टची बॅटरी थेट लावलेली पुरे. बूस्ट कन्व्हर्टरच्या (व्होल्टेज चढवणाऱ्या डबीच्या) फंदात पडू नका.

आणखी एक गोष्ट, कारण ती विकताना कुणी सांगत नाही: बाहेरची बॅटरी जोडल्याने इन्व्हर्टरची ताकद वाढत नाही. ६०० वॅटच्या मशीनवर १००० वॅटची इस्त्री आधीही चालत नव्हती, आताही चालणार नाही.

वायर, फ्यूज आणि माझी टकटक

पहिल्यांदा जोडणी केली तेव्हा घरात पडलेली १ चौरस मिलिमीटरची तीन मीटर दुपदरी वायर वापरली. मशीनची खालची मर्यादा १२ व्होल्ट. दोन तास छान चाललं, डिस्प्लेवर ९० च्या पुढे वॅट. मग इनपुटचं चिन्ह उघडझाप करायला लागलं. टक, आत रिले बसतो, आकडा चढतो, टक, शून्य. दर चार-पाच सेकंदांनी. मला वाटलं मशीन गेलं. बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला तर १२.८, अगदी निरोगी. मग मीटर मशीनच्या टोकाला लावला आणि काय ते कळलं: रिले बसला की तिथे ११.९ दिसत होते.

गणित असं. तांब्याच्या एक मीटर लांब, १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध साधारण ०.०१७५ ओहम. तीन मीटर जायचे, तीन यायचे, म्हणजे सहा मीटर: ०.१०५ ओहम. त्यातून ८ अँपिअर गेले की ०.८४ व्होल्ट वाटेतच गळतात. बॅटरी १२.९ देत होती तोवर मशीनला कसेबसे १२ मिळत होते, ती १२.८ ला आली आणि मशीनने हात वर केले. करंट थांबला की गळती थांबते, व्होल्टेज पुन्हा चढतं, मशीन पुन्हा सुरू होतं. तेवढीच वायर ६ चौरस मिलिमीटरची घेतली, गळती ०.१४ व्होल्टवर आली आणि टकटक कायमची गेली.

तेव्हा वायर आखूड आणि जाड. १०० वॅट आणि दीड-दोन मीटरसाठी ४ चौरस मिलिमीटर, बूस्ट कन्व्हर्टर असेल तर बॅटरीपासून कन्व्हर्टरपर्यंत ६ किंवा १०. वायर विकत घेताना टोक चाकूने खरवडून बघा. वरचा तांबूस थर निघून आत चंदेरी दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार आहे. तिचा रोध जास्त, म्हणजे वरचं गणित लागू नाही. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये घालायच्या टोकाला सोल्डर पाजू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू सपाट होतं, स्क्रू सैल पडतो आणि सांधा तापायला लागतो. योग्य मापाचा लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) घ्या आणि क्रिम्प करा, म्हणजे दाबून घट्ट बसवा.

फ्यूज बॅटरीच्या धन टर्मिनलच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत. तो मशीनला नव्हे, वायरला वाचवण्यासाठी असतो. त्यामुळे मशीनच्या टोकाला लावलेला फ्यूज काही कामाचा नाही. माप काढताना सततच्या करंटच्या सव्वापट धरा: ८ अँपिअरसाठी १०, २३ अँपिअरसाठी ३०. आणि तो फ्यूज वायरच्या क्षमतेपेक्षा लहानच हवा. गाडीतले ब्लेड फ्यूज सहसा ३२ व्होल्टपर्यंतचे असतात, ते १२ आणि २४ व्होल्टला चालतील, ५१.२ व्होल्टच्या बॅटरीला नाही. तिथे त्या व्होल्टेजच्या डीसीसाठी प्रमाणित फ्यूजच हवा. घरातल्या बोर्डावरचा एसी एमसीबी इथे लावू नका. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीत ती विझायला कारणच मिळत नाही.

"बीएमएस आहे ना, तो शॉर्ट झाल्यावर तोडेल की!" तोडेल बहुधा. पण त्यातले मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडतात तेव्हा बरेचदा जोडलेल्या अवस्थेतच अडकतात.

बूस्ट कन्व्हर्टर लावायचाच असेल तर

१२.८ व्होल्टच्या बॅटरीतून २५० वॅट हवे असतील तर मधे व्होल्टेज चढवणारा कन्व्हर्टर लागतो. त्यात आउटपुट व्होल्टेज आणि करंट दोन्ही बांधता आले पाहिजेत. २५० वॅट काढायचे तर ५०० ते ६०० वॅट लिहिलेला घ्या, कारण डब्यावरचा आकडा पंख्याच्या आणि दैवाच्या जोरावर असतो. ९३ टक्के कार्यक्षमता धरली तर १९-२० वॅट उष्णता होते, म्हणजे एक छोटी सोल्डरिंग इस्त्री सतत चालू. बॅटरीकडून येणारा करंट २२-२३ अँपिअर.

व्होल्टेज मशीनच्या मर्यादेच्या आत, वरच्या टोकापासून लांब ठेवा. ११ ते ६० असेल तर ४०, १२ ते २८ असेल तर २४. करंट बांधल्यामुळे मशीनच्या एमपीपीटीला (सोलर पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या सर्किटला) हा कन्व्हर्टर खरोखरच सोलर पॅनेलसारखा वाटतो: एका मर्यादेपर्यंत करंट स्थिर, त्यापुढे ओढलं की व्होल्टेज पडतं. एमपीपीटीला तो कोपरा सापडतो आणि तो तिथे शांतपणे बसून राहतो.

या साध्या बूस्ट कन्व्हर्टरची एक खोड माहीत असायला हवी. त्यात बॅटरी ते आउटपुट अशी कॉइल आणि डायोडमधून थेट वाट असते. आउटपुट शॉर्ट झालं, तर करंट बांधण्याचं नियंत्रण निरुपयोगी ठरतं, कारण बंद करायला त्या वाटेवर स्विचच नाही. तिथे वाचवतो तो फक्त फ्यूज.

पहिली जोडणी, क्रमाने

१. काहीही जोडण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करून तासभर विसावू द्या. व्होल्टेज मोजून कागदावर लिहा.

२. बॅटरी, फ्यूज, स्विच, असेल तर कन्व्हर्टर, अशी साखळी पूर्ण करा. मशीन अजून लांब ठेवा. स्विच चालू करून शेवटच्या टोकाला, म्हणजे एक्सटी६० किंवा जो प्लग असेल त्याच्यात, मल्टिमीटर लावा. आकडा मर्यादेत हवा आणि त्याच्यापुढे उणे चिन्ह नको. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. तयार मिळालेल्या एका केबलमध्ये मला लाल तार ऋण टोकाला जोडलेली सापडली आहे. गोल पिनच्या जॅकबाबतही हेच, मोजल्याशिवाय घालायचं नाही.

३. कन्व्हर्टर असेल तर व्होल्टेज आत्ताच, लोड नसताना बसवा. करंटचा स्क्रू उलटा फिरवत अगदी कमीवर न्या. तो बऱ्याचदा वीस-पंचवीस फेऱ्यांचा असतो, शेवटी बारीक टिकटिक जाणवते.

४. स्विच बंद करा, प्लग मशीनमध्ये घाला, मग स्विच चालू करा. या क्रमाने केलं तर प्लगच्या पिनांवर ठिणगी पडत नाही. मशीन साधारण अर्ध्या चार्जवर असू द्या. भरलेलं मशीन काही ओढणारच नाही आणि तुम्ही उगाच बिघाड शोधत बसाल.

५. करंटचा स्क्रू हळूहळू वाढवत डिस्प्लेवरचे वॅट बघा. पहिली दहा मिनिटं १०० वॅटवर, मग हवे तेवढे.

६. अर्ध्या तासाने प्रत्येक सांध्याला हात लावा. कोमट ठीक. बोट ठेवता येत नसेल तर थांबा, तो सांधा सैल आहे किंवा क्रिम्प नीट बसलेला नाही. याच वेळी बॅटरीच्या टोकाला आणि मशीनच्या टोकाला व्होल्टेज मोजा. कन्व्हर्टर नसेल तर फरक तीन टक्क्यांच्या आत हवा.

रोजच्या वापरात

एलएफपीचं व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात इतकं सपाट असतं, की त्यावरून किती चार्ज उरला ते कळत नाही. १३.१ म्हणजे ७० टक्के की ४५, कोण सांगणार? शंट असलेला मीटर लावा, तो आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजत राहतो. खालच्या टोकाला बीएमएस १० व्होल्टच्या आसपास तोडतो, पण रोज तिथपर्यंत जाऊ नये. लोडवर १२ व्होल्ट झाले की बंद करणारा कटऑफ लावा.

बाहेरची बॅटरी चार्ज करायला तिच्याच व्होल्टेजचा एलएफपी चार्जर हवा. लेड-ॲसिडच्या चार्जरमधले डिसल्फेशन किंवा इक्वलायझेशनचे टप्पे हिला चालत नाहीत. शून्य अंशाखाली चार्ज करू नका, लिथियम धातूच्या रूपात साठतो आणि सेल कायमचा खराब होतो. वरच्या बाजूला बऱ्याच एलएफपी बॅटऱ्यांना ४५ अंशांच्या आसपास चार्जिंगची मर्यादा असते; उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती सहज ओलांडली जाते.

सोलर पॅनेल असतील, आणि आता इनपुट बॅटरीने अडवला म्हणून कुणी वाय आकाराची केबल घेऊन पॅनेल आणि बॅटरी एकत्र जोडायला निघाला असेल, तर थांबा. पॅनेल मग कुठल्याही नियंत्रणाशिवाय थेट बॅटरीत वीज ढकलेल. पॅनेलना वेगळा चार्ज कंट्रोलर द्या, तो बाहेरची बॅटरी भरेल, आणि बॅटरी मशीनला भरेल. सकाळी मशीन भरलेलं असतानाही ऊन वाया जात नाही, हा या मांडणीचा फायदा.

मशीन १०० टक्के भरलं की ते ओढणं थांबवतं, पण कन्व्हर्टर स्वतःसाठी दोन-चार वॅट खात राहतो. म्हणून तो स्विच. बाहेरची बॅटरी कायम जोडून ठेवायची असेल, तर अॅपमध्ये चार्जची वरची मर्यादा ८०-८५ वर आणा. सतत काठोकाठ भरलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते.

माझा जुना १ चौरस मिलिमीटरचा तुकडा अजून आहे. तो आता एका एलईडी पट्टीला लावलाय. ५ वॅटला तो छान चालतो.